ओढ्याच्या तोंडाशी

माळावर पडलेल्या पावसाचा माग काढणं अवघड असतं. थोडा पाचोळ्यावरच वाळतो, थोडा मातीत मुरतो, थोडा मुरमातून झिरपत विहिरीला लागतो, उरलेला वाहून जातो. वाहणाऱ्या पाण्याची मात्र एक सोय आहे. पाणलोट कितीही वेडावाकडा असो, त्यातलं वाहतं पाणी शेवटी एकाच जागेवरून बाहेर पडतं: डोंगराच्या दोन सोंडांच्या बेचक्यात, जिथं ओढा आपलं शिवार सोडून पुढच्या गावाच्या हद्दीत शिरतो. पाणलोटावर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याने पावसाळ्यात बसावं ते तिथंच. पाणी अडवणारे चर, ताली, झाडोरा हे सगळं माथ्यावर आणि उतारावर असतं. त्यांनी काय केलं ते तोंडाशी कळतं.

तिथं बसवायचं साधन म्हणजे त्रिकोणी खाच पाडलेला पत्रा. सगळे त्याला व्ही-नॉचच म्हणतात. ओढ्याला आडवी छोटी भिंत, भिंतीत हा पत्रा, पत्र्याच्या मधोमध टोक खाली असलेली ९० अंशांची खाच. पाणी भिंतीमागे तुंबतं आणि खाचेतून पडतं. खाचेच्या टोकापासून पाण्याची पातळी किती वर आहे एवढंच मोजायचं. ती उंची मीटरमध्ये घेऊन तिचा अडीचावा घात करायचा आणि १.३८ ने गुणायचं, की सेकंदाला किती घनमीटर पाणी जातंय ते मिळतं. पातळी ५ सेंटिमीटर असेल तर सेकंदाला पाऊण लिटर, १० असेल तर ४.४ लिटर, २० असेल तर जवळजवळ २५ लिटर. पातळी दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटींहून जास्त होतो. खाच त्रिकोणी ठेवतात ती याचसाठी. हस्त सरल्यावर ओढ्याची धार करंगळीएवढी उरली तरी त्या टोकात पाणी मोजण्याइतकं उंच राहतं. सपाट सांडव्यावर तेच पाणी कागदासारखं पातळ पसरतं आणि मोजपट्टीला सापडतच नाही.

पण हा अडीचावा घात चुकीलाही लागतो. १० सेंटिमीटरच्या जागी ११ वाचले गेले तर प्रवाह २७ टक्के जास्त निघतो. ५ च्या जागी ६ वाचले तर ५८ टक्के. म्हणून या कामात सगळं कसब मिलिमीटर सांभाळण्यात आहे.

पट्टी खाचेला लागून बसवणं ही नेहमीची चूक. खाचेकडे येताना पाणी वेग घेतं आणि त्याचा पृष्ठभाग खाली वाकतो. तिथं वाचलेली पातळी कमीच येणार. जास्तीत जास्त जेवढं पाणी चढेल त्याच्या चौपट अंतर मागे जायचं. ३० सेंटिमीटर चढणार असेल तर १ मीटर २० सेंटिमीटर मागे. पट्टीचा शून्य खाचेच्या टोकाशी जुळवायचा तो गवंड्याच्या पद्धतीने, पारदर्शक नळीत पाणी भरून. आणि एकदा जुळवला की झालं असं नाही. भिंत ओल्या मातीत बसते, पट्टीचा खांब पुरात कलतो, म्हणून पावसाळ्यात दोन-तीनदा पुन्हा तपासायचा. पत्र्याची कड एक-दोन मिलिमीटर जाडीची, धारदार हवी आणि तिचा उतार पाणी पडतं त्या अंगाला. धार पत्र्याला चिकटून घसरत असेल तर सूत्र लागू पडत नाही. धारेमागे हवा खेळली पाहिजे. त्यासाठी खालच्या डबक्याची पातळी खाचेच्या टोकाच्या निदान चार बोटं खाली राहिली पाहिजे.

पाचोळा हा रोजचा शत्रू. खाचेत सागाचं एक पान आडवं अडकलं की मागचं पाणी चढू लागतं आणि यंत्र ते इमानदारीने प्रवाह वाढला म्हणून नोंदवतं. आलेखावर पाऊस नसताना सावकाश चढत गेलेली आणि मग एकदम कोसळलेली रेघ दिसली, की ओळखावं: पान अडकलं होतं आणि कुणीतरी काढलं, किंवा पाण्यानेच ढकललं. साफ करणाऱ्याने काढण्याआधीची आणि नंतरची अशा दोन्ही पातळ्या वेळेसह वहीत लिहिल्या तर तो तुकडा दुरुस्त करता येतो. न लिहिल्या तर तो तुकडा गेला. गाळाचंही तसंच. भिंतीमागचं डबकं भरत आलं की पाणी वेगाने खाचेवर येतं, आणि सूत्र तर संथ पाण्यासाठी आहे. श्रावणात उघडीप मिळाली की फावडं घेऊन ते डबकं उपसायचं. भिंतीच्या पोटाखालून किंवा बगलेने पाणी निसटतंय का हे पाहायला धार बारीक असताना बादली आणि स्टॉपवॉच पुरतात: धारेखाली बादली धरून मोजलेलं पाणी सूत्राशी जुळलं तर पत्रा ठीक आहे, आणि खाली ओढ्यात दिसणारं पाणी त्याहून जास्त असेल तर भिंत गळते आहे.

पातळी आपोआप नोंदवणारे लॉगर आल्यापासून काम सोपं झालं, पण एक नवा घोळही आला. पाण्यात बुडवलेला दाबमापक पाण्याचा आणि वरच्या हवेचा असा एकत्र दाब मोजतो. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने बदलला तर ते सुमारे १ सेंटिमीटर पाण्याएवढं असतं. आपल्या उष्ण पट्ट्यात हवेचा दाब रोज दोनदा चढतो, दोनदा उतरतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढलेला, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. हा चढउतार दोन ते चार हेक्टोपास्कलचा असतो. म्हणजे हवेचा दाब वजा केला नाही तर ओढा काहीही न करता दिवसात दोन-चार सेंटिमीटर वरखाली होताना दिसतो. खाचेत १० सेंटिमीटर पाणी असताना ३ सेंटिमीटरची भर पडली की प्रवाह जवळपास दुप्पट! म्हणून दुसरा लॉगर जवळच्या झाडावर, सावलीत, हवेत टांगायचा आणि दोन्हींची घड्याळं एकाच दिवशी, एकाच संगणकावरून लावायची. ओढ्याच्या आलेखात रोज ठरल्या वेळी येणारी लाट दिसली तर आधी या वजाबाकीकडे बघावं.

मोठ्या पुराला ही खाच पुरत नाही, हे आधीच धरून चालायचं. ५० हेक्टरचा पाणलोट, तासाला ५० मिलिमीटरचा पाऊस आणि त्यातलं निम्मं वाहून आलं, तर सेकंदाला साडेतीन घनमीटर पाणी येतं. ते एकट्या खाचेतून जायचं तर जवळपास दीड मीटर उंचीची खाच लागेल. त्यापेक्षा गावात असलेला सिमेंट नाला बांध वापरावा. १० मीटर रुंदीच्या सांडव्यावरून तेच पाणी साधारण ३५ सेंटिमीटर जाडीने जातं. रोजच्या बारीक धारेसाठी खाच, पुरासाठी सांडवा. दोन्हींचे शून्य वेगळे असतात, ते वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवायचे.

आणि पूर रात्रीच येतो. वळवाचा असो की परतीचा, दुपारनंतर ढग जमतात, संध्याकाळी कोसळतात, आणि एवढ्या छोट्या पाणलोटाचा लोंढा तासा-दोन तासांत उतरून जातो. सकाळी साडेआठला बाटली भरून आणली तर तिच्यात निवळत आलेलं पाणी मिळतं. माती तर रात्रीच गेलेली असते, तीही लोंढ्याच्या पहिल्या भागात, पाणी चढत असताना. किती माती वाहून गेली हे मोजायचं तर पुराच्या चढत्या अंगाचे नमुने हवेत. स्वयंचलित नमुनायंत्र परवडत नसेल तर भिंतीला वेगवेगळ्या उंचीवर बाटल्या बांधायच्या, प्रत्येकीच्या बुचात दोन वाकड्या नळ्या: एकीतून पाणी आत, दुसरीतून हवा बाहेर. पाणी त्या उंचीला पोहोचलं की बाटली आपोआप भरते. पुढचं काम प्रयोगशाळेत: ठरावीक आकारमान गाळणपत्रातून गाळायचं, १०५ अंशांवर वाळवायचं, वजन करायचं. पत्राचं कोरडं वजन आधी घेतलेलं हवं, हे दरवर्षी कुणीतरी विसरतं.

एवढा जीव एका पत्र्यासाठी का काढायचा, याचं उत्तर न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रुकला मिळतं. अमेरिकेच्या वनखात्याने १९५५ साली तिथल्या व्हाइट पर्वतरांगांत प्रयोगवन राखलं आणि छोट्या ओढ्यांवर अशाच खाचा बसवल्या. १९६३ पासून डार्टमथ कॉलेजातले हर्बर्ट बोरमन, जीन लायकन्स आणि नोय जॉन्सन यांनी वनखात्याच्या रॉबर्ट पीअर्स यांच्यासोबत पावसातून काय येतं आणि ओढ्यातून काय जातं याचा जमाखर्च मांडायला सुरुवात केली. कॅल्शियम किती आलं, किती गेलं. नायट्रेट किती आलं, किती गेलं. १९६५ च्या हिवाळ्याच्या तोंडाला त्यांनी १५.६ हेक्टरच्या एका पाणलोटातली सगळी झाडं तोडून जागीच पडू दिली आणि पुढचे तीन उन्हाळे तणनाशक मारून काहीही उगवू दिलं नाही. शेजारचा पाणलोट जसाच्या तसा ठेवला. तोडलेल्या पाणलोटातून पहिल्या वर्षी अपेक्षेपेक्षा ३९ टक्के जास्त पाणी वाहिलं, कारण पाणी ओढून हवेत सोडणारी झाडंच उरली नव्हती. ओढ्यातलं नायट्रेट चाळीस पटींहून जास्त वाढलं. जंगल जमिनीतलं खत किती घट्ट धरून ठेवतं हे त्या आकड्याने दिसलं. उत्तर अमेरिकेतल्या आम्लवर्षेचा शोधही याच जमाखर्चातून निघाला. पाऊस ही जमेची बाजू म्हणून तपासली जात होती, आणि ती अपेक्षेपेक्षा फार आंबट निघाली. १९९० साली अमेरिकेने हवेच्या प्रदूषणाचा कायदा कडक केला तेव्हा या ओढ्यांच्या अनेक वर्षांच्या सलग नोंदी हाताशी होत्या.

यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा शब्द ‘शेजारचा’ हा आहे. ज्याला हात लावला नाही असा जोडीदार पाणलोट. दोन्हींवर आधी काही वर्षं नुसतं मोजमाप करायचं, एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येतो का ते बघायचं, आणि मगच एकावर काम करायचं. नंतर जो फरक पडेल तो कामाचा. जोडीदार नसेल तर काय होतं हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मराठवाड्यात भरपूर पाऊस झाला, मांजरा धरण भरलं, विहिरी वर आल्या. चर खोदलेल्या गावांतल्या वर आल्या आणि न खोदलेल्या गावांतल्याही. आता ज्या गावाने २०१५ आणि २०१६ ची पातळी शेजारी शेजारी लिहिली, त्याला काम फळलं असं दिसणारच. कामाचा वाटा त्यात असेलही, पण किती, हे त्या दोन आकड्यांतून निघत नाही. लोकांनी रक्त आटवून श्रमदान केलेलं असतं. त्या श्रमाचं नेमकं फळ किती हे त्यांना सांगता यायला हवं, आणि त्यासाठी शेजारच्या ओढ्यावरही कुणीतरी पट्टी वाचायला हवी.

हबर्ड ब्रुकची पद्धत जशीच्या तशी दख्खनवर उतरवता येत नाही. तिथला खालचा खडक जवळजवळ पाणी न झिरपू देणारा आहे, म्हणून आत आलेलं पाणी एकतर हवेत जातं किंवा खाचेतून. तिसरी वाट नाही. आपल्याकडे लाव्हाचे थर एकावर एक, बहुतेक आडवे. वर मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे सच्छिद्र, मऊसर खडक, मग काळा पाषाण, मग परत मांजऱ्या. पाषाणात पाणी फक्त भेगांतून शिरतं. मांजऱ्यात आणि मुरमात साठतं आणि थराच्या कलाने सरकतं. तो कल जमिनीच्या उताराशी जुळेलच असं नाही. एका गावाने डोंगराच्या पूर्वेला चर खोदावेत आणि झरा पश्चिमेच्या गावात वाढावा, हे होऊ शकतं. जमिनीवरची पाणलोट सीमा आणि जमिनीखालची सीमा वेगळ्या असतात, म्हणून ओढ्याच्या तोंडाशी बसलेल्याला विहिरीही मोजाव्या लागतात.

विहिरीची पातळी मोजणं सोपं दिसतं. कठड्यावर रंगाची एक खूण करायची, दर वेळी तिथूनच मोजायचं आणि कठड्याची उंची वजा करायची. कठडा दुरुस्त होऊन वीतभर उंच झाला आणि कुणी नोंद केली नाही, तर भूजल वीतभर खाली गेलेलं दिसतं. त्याहून मोठी अडचण मोटारीची. बऱ्याच गावांत शेतीची वीज आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी सहाला मोजलेली विहीर नुकतीच उपसलेली असते. दिवसपाळीच्या आठवड्यात तीच विहीर त्याच वेळी रात्रभर भरून आलेली असते. त्यामुळे नोंदीत विजेची पाळी आणि मोटार बंद होऊन किती तास झाले हेही लिहावं लागतं, आणि एखादी न उपसली जाणारी विहीर, गावाचा जुना आड असेल तर उत्तमच, निरीक्षणासाठी राखून ठेवावी लागते.

या पातळीवरून पाणी किती मुरलं ते काढताना खरी मेख येते. पातळी ३ मीटर वर आली म्हणजे ३ मीटर पाणी आलं असं होत नाही, कारण खडकात पोकळी फार थोडी. बेसॉल्टच्या झिजलेल्या, भेगाळ थरासाठी ती साधारण १ ते ३ टक्के धरतात, बहुधा २. तर ३ मीटर चढ म्हणजे ६० मिलिमीटर पाणी. पण पोकळी १ टक्का असेल तर ३० आणि ३ टक्के असेल तर ९०. तोच चढ, तीच विहीर, आणि उत्तर तिप्पट फरकाचं. ५०० हेक्टरच्या शिवारात हा फरक १५ कोटी लिटर की ४५ कोटी लिटर एवढा होतो. हा आकडा गावच्या फलकावर एकाच संख्येने रंगवला जातो, याचं फार वाईट वाटतं. विहिरीवर उपसा-चाचणी घेऊन आणि उन्हाळ्यात किती उपसल्यावर पातळी किती उतरली याची नोंद ठेवून तो टक्का त्या शिवारासाठी बराच नेमका करता येतो. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याने एका मोसमात एवढं एक जरी केलं तरी गावाला ते वर्षानुवर्षं उपयोगी पडेल.

मातीत पाणी किती वेगाने मुरतं ते मोजायला दोन कड्या ठोकतात: आतली ३० सेंटिमीटर व्यासाची, बाहेरची ६०. दोन्हींत पाणी भरायचं, मोजायचं आतलं. बाहेरचं पाणी आतल्याला आडवं पसरू देत नाही. काळ्या जमिनीत हा प्रयोग मे महिन्यात केला तर पाणी भेगांतून गडप होतं आणि आकडा अफाट येतो. तीच जमीन आर्द्रा नक्षत्रात ओली होऊन फुगली, भेगा मिटल्या, की तासाला काही मिलिमीटर मुरणंही कठीण. उन्हाळी सुट्टीत प्रयोग उरकून पावसाळ्याचं गणित मांडणारे प्रबंध म्हणूनच फसतात. वाफसा आल्यावर एकदा आणि सलग पावसानंतर एकदा, असे किमान दोन आकडे हवेत.

आता पावसाकडे. साधा पर्जन्यमापक, काठ जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर, जवळच्या झाडापासून किंवा भिंतीपासून तिच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब, नोंद सकाळी साडेआठला. बैलाचं एक शिंग भिजतं आणि दुसरं कोरडं राहतं अशा पावसाच्या मुलखात ५०० हेक्टरला एक मापक पुरत नाही. माथ्यावर एक, मध्ये एक, तोंडाशी एक असे तीन तरी हवेत. डोलत्या चमच्याचा स्वयंचलित मापक दर ०.२ किंवा ०.५ मिलिमीटरला एक टिक नोंदवतो. मुसळधार पावसात चमचा उलटायला लागणाऱ्या क्षणात थोडं पाणी मोजलं न जाताच जातं, म्हणून त्याच्या शेजारी साधा मापक ठेवून रोजची बेरीज पडताळावी. मुंग्यांनी आत घर केलं, कोळ्याने जाळं विणलं, पाखराने गाळणीवर घाण केली, तर धो धो पावसातही हे यंत्र शून्य दाखवतं.

स्वयंचलित मापक घ्यायचा तो एकूण पावसासाठी नव्हेच, पाऊस कसा पडला हे कळण्यासाठी. हवामानबदल गावच्या ओढ्यात उतरतो तो इथून. अमेरिकेतल्या मृदसंधारण खात्याने बसवलेली आणि आपल्याकडेही सर्रास वापरली जाणारी एक पद्धत आहे. तिच्यात जमिनीला पाणी वाहू देण्याच्या प्रवृत्तीवरून एक आकडा देतात. तो ८० असलेली मध्यम जमीन घ्या. २० मिलिमीटरचा पाऊस पडला तर तिच्यावरून पाऊण मिलिमीटर वाहतं. असे पाच पाऊस, मध्ये जमीन सुकायला उसंत देत, पडले तर १०० मिलिमीटरपैकी चारच्या आत वाहून गेले. तेच १०० मिलिमीटर एका रात्रीत पडले तर ५० वाहतात. वार्षिक सरासरीच्या रकान्यात दोन्ही वर्षं सारखीच दिसतील!

याच गणितात चर बसवून पाहा. ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल सलग समतल चर. मीटरला १८० लिटर. हेक्टरी ४०० मीटर चर खोदले तर एका भरण्याला ७२ घनमीटर, म्हणजे हेक्टरवर सव्वासात मिलिमीटर पाणी धरलं जातं. पाच सावकाश पावसांत वाहणारं सगळं पाणी या चरांत थांबतं, मुरतं. एका रात्रीच्या पावसात ५० पैकी सात-आठ थांबतात आणि बाकीचे सांडव्याकडे धावतात, चराची माती घेऊन. खोदणाऱ्यांचे हात तेच, चर तेच, पाऊस बदलला.

आणि तो बदलतो आहे. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं की मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात विदर्भही येतो, दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, हे भौतिकशास्त्र त्याच्या मुळाशी आहे.

आपले धरणांचे आणि बांधांचे आकडे मात्र अजून जुन्या पावसावर उभे आहेत. मुंबई इलाख्यातल्या स्ट्रेंज या इंजिनियराची १८९२ ची कोष्टकं आजही पाटबंधाऱ्याच्या पुस्तकांत सापडतात. त्यांत पाणलोटाच्या तीन प्रती आहेत: चांगला, मध्यम, वाईट. चांगला म्हणजे ज्यावरून जास्त पाणी वाहून धरणात येतं तो, म्हणजे बोडका, कातळी, झाड नसलेला. ज्या डोंगराला माथा ते पायथा काम करून आपण चांगलं म्हणू, तो या कोष्टकात वाईट ठरतो. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ अजून आपल्या नियोजनात शेजारी शेजारी नांदतात, आणि वरच्या गावाचं मुरलेलं पाणी खालच्या धरणाची तूट म्हणून मोजलं जातं.

घाटमाथ्याच्या पूर्वेच्या भागासाठी इंग्लिस आणि डिसूझा यांचं १९२९ चं सूत्र आहे. पाऊस सेंटिमीटरमध्ये घ्यायचा, त्यातून १७.८ वजा करायचे, मूळ पावसाने गुणायचं, २५४ ने भागायचं. ५० सेंटिमीटर पावसाला सव्वासहा सेंटिमीटर पाणी वाहतं, ७५ ला जवळपास १७. पाऊस दीडपट, वाहणं पावणेतीन पट. त्या काळात प्रत्यक्ष ओढे-नद्या मोजून बांधलेलं हे सूत्र आदराने वापरावं असंच आहे. पण ते वर्षाच्या बेरजेवर चालतं. ती बेरीज ५० दिवसांत झाली की १५ दिवसांत, हे त्याला कळत नाही. गावोगावचे पाण्याचे ताळेबंदही असेच: एकूण पावसाला ठरलेल्या टक्क्यांनी गुणलेले. हिवरे बाजारसारखं गाव पाऊस मोजून त्या वर्षीची पिकं ठरवतं, हे फार मोलाचं आहे. त्या हिशेबात वाहून जाण्याचा टक्का दरवर्षी ओढ्यावर मोजलेला असेल तर तो आणखी भरवशाचा होईल.

विद्यापीठांची अडचण कालावधीची. एम.एस्सी.चा प्रबंध एका पावसाळ्याचा, प्रकल्पाचा निधी बहुधा तीन वर्षांचा. तीन वर्षांत एक दुष्काळी, एक अतिवृष्टीचं आणि एक मधलं निघालं तर उत्तर काय द्यायचं? प्रकल्प संपला की लॉगर कपाटात जातो, पत्रा गंजतो, वही कुणाच्या तरी घरी राहते. यावर महागडा उपाय नको आहे. एका महाविद्यालयाने एक ओढा दत्तक घ्यावा, पट्टी आणि खाच विभागाच्या नावावर असावी, दरवर्षी नव्या तुकडीने जुनी वही पुढे लिहावी आणि प्रत्येक पानाचा फोटो त्याच दिवशी दोन ठिकाणी ठेवावा. गावातल्या एखाद्याला रोजच्या नोंदीचं मानधन द्यावं. मोफत काम पेरणीच्या दिवसांत बंद पडतं, आणि पहिला पूर नेमका तेव्हाच येतो.

वहीत एक रकाना ओढा आटल्याच्या तारखेचा ठेवावा. त्याला यंत्र लागत नाही, सूत्र लागत नाही. पाऊस थांबल्यावर ओढ्यात जे वाहत राहतं ते मुरमातून परत आलेलं पाणी असतं, म्हणून पूर किती मोठा आला यापेक्षा धार कधी तुटली ही तारीख मुरलेल्या पाण्याबद्दल जास्त सांगते. शेजारच्या ओढ्याचीही तीच तारीख लिहावी. यंदा दोन्ही ओढ्यांत बारा दिवसांचं अंतर पडलं आणि कामाआधीच्या वर्षांत ते दोन दिवसांचं होतं, तर त्या दहा दिवसांवर भरवसा ठेवता येतो.

धार तुटल्यानंतरही वही मिटायची नाही. खाच कोरडी असेल त्या दिवशी ‘०’ लिहायचा. कुणी गेलंच नाही त्या दिवशी आडवी रेघ ओढायची आणि पुढे कारण लिहायचं: लग्न, ताप, रस्ता वाहून गेला, काहीही. रकाना रिकामा सोडायचा नाही. रिकाम्या रकान्याला दहा वर्षांनी बसणारा विद्यार्थी शून्य समजेल, किंवा आजूबाजूच्या आकड्यांची सरासरी काढून तिथं भरेल, आणि जो ओढा त्या दिवशी वाहतच नव्हता तो त्याच्या आलेखात वाहू लागेल.